वाळीत टाकणारे हात कुणाचे?

गावात एखाद्याला छळायचं तर काठी लागतेच असं नाही. गिरणीवाल्यानं दळण परत पाठवलं, दुकानदारानं "माल संपला" म्हटलं आणि ऐन लावणीत मजूर फिरकले नाहीत, की भलाभला माणूस हात टेकतो. घरात मयत झालं तर खांदा द्यायला चार माणसं मिळत नाहीत. यालाच आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात.

कारणं तशी साधी असतात. पोरानं जातीबाहेर लग्न केलं, कुणी देवळाच्या वर्गणीचा हिशेब मागितला, कुणी निवडणुकीत ऐकलं नाही. कोकणातली गावकी असो की इतरत्रची जातपंचायत, बैठक बसते, दंड ठरतो, आणि दंड भरला नाही की बोलणं बंद.

दहशत चालते कशी?

आता बघा, असा हुकूम काढणारे गावात चार-पाचच असतात. बाकी शंभर घरांचं त्या माणसाशी वैर नसतं. तरी ती हुकूम पाळतात, कारण "जो त्याच्याशी बोलेल त्यालाही तेवढाच दंड" अशी तंबी असते. म्हणजे पुढाऱ्याची ताकद त्याच्या मनगटात नाही, ती शेजाऱ्याच्या भीतीत आहे. शिवाय मारहाण नाही, रक्त नाही, त्यामुळं "मी काय केलं? मी फक्त बोललो नाही," असं प्रत्येकाला म्हणता येतं. क्रूरपणा सगळ्यांत वाटला गेला की कुणालाच त्याचं ओझं वाटत नाही.

कुक्कुटपालन करणाऱ्यांना ठाऊक आहे, खुराड्यात एका कोंबडीला जखम झाली की बाकीच्या तिलाच टोचत सुटतात. शहाणा शेतकरी जखमी कोंबडी बाजूला काढतो, औषध लावतो, दाटी कमी करतो. कोंबडीला अक्कल नाही म्हणून सोडून देऊ. पण माणसं तर बैठक घेऊन, चहा पिऊन ठरवतात!

कायदा काय सांगतो?

मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. एका धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं तो १९६२ मध्ये रद्द ठरवला. त्यानंतर कितीतरी वर्षं पीडितांच्या हाती खास असं हत्यार नव्हतं. २०१३ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. विधिमंडळानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला.

या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो थेट नोंदवता येतो. बहिष्कारासाठी बैठक भरवणारा तर अडकतोच, पण तिथं त्या बाजूनं मत देणाराही गुन्हेगार धरला जातो. "मी नुसता हात वर केला" ही सबब चालत नाही.

गावानं काय करावं?

पीडितानं किंवा त्याच्या घरच्यांनी पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. ठाण्यात दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. बैठकीची तारीख, हजर असलेल्यांची नावं, दंडाची पावती किंवा चिठ्ठी जपून ठेवावी. गावातली खबर ठाण्याला देणं हे १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार पोलीस पाटलाचं कामच आहे. "गावचा मामला गावात मिटवा" असं म्हणून त्यानं गप्प बसू नये. सरपंच आणि ग्रामसेवकांनी पाणी, दाखले, सभामंडप यांत कुणाची अडवणूक होत नाही ना, हे बघावं.

आणि बाकीच्यांनी? एका गिरणीवाल्यानं दळण घेतलं, दोन शेजारी मयताला गेले, की हुकमातली निम्मी हवा निघते. दंड एकट्यादुकट्याला करता येतो, अख्ख्या आळीला करायला पुढाऱ्याची छाती होत नाही. आज ज्याचं दळण परत गेलं त्याच्या जागी उद्या आपणही असू, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.