नाकाने जग पाहणारा सोबती

सकाळी घराचे दार उघडले की साधा कुत्रा प्रथम कान टवकारतो आणि इकडेतिकडे पाहतो. ब्लडहाउंड मात्र मान खाली घालतो. रात्री कोणते मांजर कुंपणावरून उतरले, टपालवाला काल कोणत्या बाजूने आला आणि कोणत्या बाजूने गेला, हे सारे जणू जमिनीवर लिहून ठेवले असावे, तसे तो नाकाने वाचीत सुटतो.

शिकारी कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. मुधोळचा कारवान कुत्रा आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. तो सडपातळ, लांब पायांचा आणि डोळ्यांना सशाची चाहूल लागताच वाऱ्यासारखा धावणारा. दुसरा वर्ग गंधावरून माग काढणाऱ्यांचा. त्यांत ब्लडहाउंड अग्रगण्य होय. बेल्जियममधील आर्देनच्या अरण्यात सेंट ह्यूबर्टच्या मठातील साधूंनी मध्ययुगात त्याच्या पूर्वजांची जोपासना केली, असे परंपरेने सांगतात. फ्रेंच भाषेत त्याला आजही सेंट ह्यूबर्टचा कुत्रा असेच म्हणतात. त्याच्या इंग्रजी नावात 'रक्त' हा शब्द आहे, परंतु तेवढ्याने भिण्याचे कारण नाही. जखमी जनावराच्या सांडलेल्या रक्तावरून तो माग काढी म्हणून हे नाव पडले, असे कोणी म्हणतात. कुळाच्या शुद्धतेवरून पडले, असेही काहींचे मत आहे. स्वभावाने हा कुत्रा इतका सौम्य असतो की घरात शिरलेल्या चोराशीही तो मैत्री करील! राखणीसाठी त्याला पाळणाराची निराशाच व्हायची.

मग त्याचे सामर्थ्य कशात आहे? माणसाच्या अंगावरून त्वचेचे अतिसूक्ष्म कण अहोरात्र गळत असतात. ते वाऱ्याबरोबर तरंगत गवतावर, मातीवर, भिंतीच्या कडेला जाऊन बसतात. प्रत्येक माणसाचा गंध निराळा. ओलसर, थंड जमिनीवर तो पुष्कळ वेळ टिकतो. कडक उन्हात लवकर विरतो. हुंगताना कुत्रा एका सेकंदात सुमारे पाच वेळा हवा आत ओढतो, आणि सोडलेली हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून बाहेर जात असल्यामुळे समोरचा गंध विसकटत नाही. त्याच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी वीस कोटींहून अधिक असतात. माणसाच्या नाकात त्या काही लक्षच. अमेरिकेतील केंटकी राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी 'निक कार्टर' नावाचा एक ब्लडहाउंड होता. चार दिवसांहून अधिक जुना माग त्याने यशस्वीपणे काढला होता. अशा कुत्र्यांनी काढलेला माग तेथील काही राज्यांची न्यायालये पुरावा म्हणूनही विचारात घेतात.

हेच असामान्य नाक घरात आले म्हणजे मात्र घरच्या मंडळींची कसोटी लागते. एकदा माग मिळाला की या कुत्र्याला हाक ऐकू येत नाही. तो उद्धट असतो असे नव्हे. त्याचे सारे चित्त नाकात गोळा झालेले असते. समोर रस्ता आहे, मोटारी धावत आहेत, याचे त्याला भान राहत नाही. म्हणून उघड्यावर त्याचा दोर कधीही सोडायचा नाही, आणि फाटकाची कडी लावली की नाही हे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने पाहायचे, अगदी लहान मुलानेही. खांद्यापाशी सुमारे ६५ सेंटीमीटर उंच आणि ४० ते ५० किलोग्रॅम वजनाचे हे जनावर दोर ओढू लागले, तर मोठ्या माणसाचेही पाय घसरतात. तेव्हा लहान मुलाने एकट्याने त्याला फिरावयास नेऊ नये.

बाकीच्या अडचणी त्या मानाने किरकोळ. त्याच्या लोंबत्या ओठांतून लाळ गळते आणि त्याने मान झटकली की ती भिंतीवरही उडते. लांब कान पाण्याच्या भांड्यात बुडतात. ते वरचेवर पुसून कोरडे ठेवले नाहीत तर आतून चिघळतात. त्याचा दीर्घ, घुमणारा स्वर शेजाऱ्यांना आवडेलच असे नाही. एक धोका मात्र खरोखरच मोठा आहे. छाती खोल असल्यामुळे या जातीत जठर वायूने फुगून पीळ पडण्याचा संभव असतो, आणि काही तासांतच प्राणावर बेतते. यास्तव त्याला दिवसाचे अन्न दोन वेळांत विभागून देतात व जेवणानंतर काही वेळ पळू देत नाहीत. पोट ताठ फुगले, ओकारीचा उमाळा येऊनही काही पडले नाही, तर क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्याकडे धाव घ्यावी लागते. एवढी काळजी घेऊनही त्याचे आयुष्य फार नसते. सरासरी सात-आठ वर्षे. बरोबर खेळणारी मुले प्रौढ होण्याआधीच तो म्हातारा होतो.

त्या थोड्या वर्षांत त्याला सर्वांत आवडता खेळ म्हणजे लपंडाव. घरातील मूल अंगणातून वळणावळणाने जाऊन झाडाआड बसते. मग कुत्र्याला त्या मुलाचा पायमोजा हुंगायला देतात. झाडामागून मुलाचा सदरा स्पष्ट दिसत असतो. पण हा गृहस्थ तिकडे ढुंकूनही पाहत नाही. मूल जेथून गेले तेथूनच, प्रत्येक वळण घेत, नाक जमिनीला टेकवून तो येतो, आणि अखेर त्याचे ओले नाक मुलाच्या गुडघ्यावर आपटते, तेव्हाच तो मान वर करतो.