कॅन्सरचा रिपोर्ट घरी येतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यात आमच्या आत्याच्या गालातली जखम भरेना, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी तिथला तुकडा काढून तपासायला पाठविला. रिपोर्ट इंग्रजीत आला. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. ‘कार्सिनोमा’ हा शब्द मला कळला. पुढे ‘ग्रेड २’ वाचून ‘दुसरी स्टेज आहे’ असे मी वडिलांना सांगून बसलो. त्या रात्री घरात चूल पेटली नाही.

माझे चुकले होते, आणि अशी चूक पुष्कळांची होते म्हणून हे लिहीत आहे. बिघडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मूळ पेशींहून किती वेगळ्या दिसतात, ते ग्रेड सांगते. रोग किती पसरला आहे, ते स्टेज सांगते. नुसत्या तुकड्यावरून ती ठरत नाही. गाठ केवढी आहे, ती किती खोल गेली आहे, मानेत उतरली आहे काय, हे हाताने चाचपून व स्कॅन काढून पाहतात. तोंडाचा कॅन्सर पसरला तर सहसा आधी मानेत उतरतो. म्हणजे रोगाचे नाव कळलेले असते, पण किती व काय ते कळलेले नसते, असे काही दिवस जातात. तेच सर्वांत जड.

आम्ही परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात गावोगावची माणसे येतात. आत्याला काही सांगायचे नाही, असे घरी ठरले होते. रांगेत बसल्या बसल्या तीच म्हणाली, “माझं तोंड कापणार नि मलाच सांगणार नाही होय रे?”

मग आम्ही सगळे सांगितले. मिश्री लावली म्हणून ती स्वतःला बोल लावू लागली. (शेजारच्या काकूंनी तिचा कप वेगळा ठेवला होता. हा रोग कपाने लागत नाही, हे त्यांना मी दोनदा समजावले.) समाजसेवा विभागातल्या बाईंनी योजनेसाठी रेशनकार्डाची चौकशी केली, आणि प्रश्न वहीत लिहून आणा, म्हणाल्या, कारण डॉक्टरांसमोर गेले की काही आठवत नाही.

वहीत मी लिहिले : आधी ऑपरेशन की किरणोपचार? किडके दात आधी का काढायचे? (किरणोपचारानंतर दात काढल्यास जबड्याची जखम लवकर भरत नाही.) तोंड उघडण्याचे व्यायाम केव्हापासून?

शेवटचा प्रश्न आत्याने लिहायला लावला : तिखट कालवण कधी खाता येईल? डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि त्यापुढे स्वतःच्या हाताने लिहिले, ‘तीन महिन्यांनी पुन्हा विचारा.’