आजी असं बोलते का रे?

कॉलेजच्या कथास्पर्धेची परीक्षक म्हणून गेले आणि एका मुलाच्या 'परफेक्ट' गोष्टीत मला माझीच जुनी भीती सापडली.

मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका कॉलेजातून फोन आला, 'कथास्पर्धेला परीक्षक म्हणून याल का?' मी जाहिरात एजन्सीत कॉपी लिहिते. वॉशिंग पावडर, हाउसिंग स्कीम, झालंच तर बँकेचं लोन. त्यामुळे कुणीतरी आपल्याला चक्क 'लेखिका' समजतंय म्हटल्यावर मी जाम खूश! लगेच हो म्हटलं आणि शनिवारी सकाळी कॉफीचा मोठा मग घेऊन बावीस गोष्टी वाचायला बसले.

पहिली छान. दुसरीही छान. पाचवीला मात्र डोक्यात घंटा वाजली. चार गोष्टींत आजोबांचं जुनं घड्याळ, सहा गोष्टी पावसात संपलेल्या आणि शेवटी प्रत्येकाला काहीतरी 'उमगलेलं'. शुद्धलेखन मात्र एकदम टकाटक. आणि एका गोष्टीत लातूरची आजी दारात उभी राहून म्हणते, 'तू खूप थकलेला दिसतोस, माझ्या प्रिय नातवा.'

मी लातूरची. माझी आजी असं बोलली असती तर आम्ही तिला आधी डॉक्टरकडे नेलं असतं!

सगळ्यांना एकच पाऊस

आता आपण साधूपणाचा आव आणायला नको. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून ऑफिसातले निम्मे मेल आपणही त्याच्याकडूनच लिहून घेतो की! जपानी लेखिका रिए कुदान हिला २०२४ च्या जानेवारीत अकुतागावा पुरस्कार मिळाला, तेव्हा कादंबरीतला साधारण पाच टक्के मजकूर जसाच्या तसा एआयचा असल्याचं तिनं स्वतःच सांगून टाकलं. म्हणजे वापरलं म्हणून लगेच गुन्हा, असं काही नाही.

गोची वेगळीच आहे. हे यंत्र अफाट मजकूर वाचून पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, ते ठरवत जातं. साहजिकच सगळ्यांना आधी सुचतं तेच त्यालाही सुचतं. २०२४ मध्ये अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउजर या ब्रिटनमधल्या दोन संशोधकांचा अभ्यास 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये आला. त्यांनी लोकांना छोट्या गोष्टी लिहायला दिल्या, काहींना एआयच्या कल्पना घेऊन आणि काहींना त्याशिवाय. एआयची मदत घेतलेल्या गोष्टी वाचकांना जास्त सरस वाटल्या. ज्यांना एरवी फारसं सुचत नाही, त्यांना तर चांगलाच फायदा झाला. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या झाल्या. एकेकट्याचा फायदा, सगळ्यांचा मिळून तोटा!

त्यात मराठीची आणखी एक अडचण. इंटरनेटवर इंग्रजीच्या मानानं मराठी मजकूर फारच थोडा, आणि आहे त्यात लातूरच्या आजीचं बोलणं कितीसं असणार? मग यंत्राची आजी छापील बोलते.

'पानी' म्हणालो आणि...

निकालाआधी 'प्रिय नातवा'च्या लेखकाला कँटीनमध्ये गाठलं. सेकंड इयरचा मुलगा. चहा मागवला आणि थेट विचारलं, 'तुझी आजी असं बोलते का रे?'

तो आधी गप्प. मग म्हणाला, 'मॅडम, फर्स्ट इयरला वर्गात "पानी" म्हणालो. सगळे हसले. तेव्हापासून काही लिहिलं की एआयला टाकतो. शुद्ध मराठीत करून दे म्हणतो.'

झापायच्या तयारीनं आलेली मी गारच पडले. कारण पुण्याच्या होस्टेलवर आल्यावर पंधरा दिवसांत माझं 'लै' मीच गिळून टाकलं होतं. तेव्हा एआय नव्हतं, एवढाच फरक. मी म्हटलं, 'मी पण लातूरची.' मग मॅडमची एकदम ताई झाली.

'मूळ गोष्ट काय होती?' विचारलं आणि त्यानं जे सांगितलं ते ऐकून चहा तसाच राहिला. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा तो चौथीत होता. आजी त्याला ती गाडी दाखवायला घेऊन गेली. 'ताई, मला वाटलं आत पानी हलताना दिसंल. तर नुसत्या बंद टाक्या! मी रडायला लागलो. आजी म्हणली, अरे, दिसलं असतं तर लोकांनी तिथंच पिऊन टाकलं असतं.'

एआयनं याचं काय केलं होतं? 'दुष्काळानं होरपळलेल्या गावात आशेचा किरण उगवला.' शेवटी अर्थातच पाऊस. गाडी गायब, टाक्या गायब, आजीचा जोक गायब.

घरी येऊन मार्कांचा तक्ता पाहिला. 'भाषाशुद्धी : २० गुण.' मी त्याला वीसपैकी वीस दिले होते. म्हणजे त्याच्यावर हसणाऱ्या वर्गात मीही बसले होते की!

त्या गोष्टीला बक्षीस दिलं नाही, आणि त्याला ते पटलंही. आयोजकांना मात्र सांगितलं, पुढच्या वर्षी तो रकाना बदला, तिथं 'पात्रांची भाषा' लिहा. आणि त्याला एक आयडिया दिली. ती तुम्हीही करून बघा. आधी गोष्ट मित्राला सांगतो तशी मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करायची, मग तीच उतरवायची. एआयची मदत घ्यायचीच असेल तर त्याला वाक्यं मागायची नाहीत, 'माझ्या गोष्टीत तुला काय कळलं नाही?' एवढंच विचारायचं. उत्तरं आपली आपण लिहायची.

गेल्या रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची नवी गोष्ट आली. पहिल्याच वाक्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका. दुसऱ्या वाक्यात आजी दारात उभी : 'आलास का रं? तोंड बघ की कसं वाळलंय.'

चुका सुधारून पाठवायला मी टाइप करायला घेतलं होतं. मग सगळं पुसलं आणि लिहिलं, 'लै भारी. पुढं?'