रूबेचे चुकीचे दार

पॅरिस–रूबे सायकल शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत १९४९ सालापुढे दोन नावे आहेत: आंद्रे माहे आणि सेर्से कोप्पी. वाचणाऱ्याला वाटावे, दोघे बरोबरीने रेषेवर पोहोचले असतील. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या गटांतून, वेगवेगळ्या वेळी आले होते. हे दुहेरी विजेतेपद रस्त्यावर ठरलेच नाही, ते बैठकीच्या टेबलावर ठरले.

रूबे हे बेल्जियमच्या सीमेलगतचे कापडगिरण्यांचे गाव. तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या गिरणीमालकांनी तिथे सायकलींचे वेलोड्रोम बांधले आणि त्याचा गाजावाजा व्हावा म्हणून १८९६ मध्ये ही शर्यत सुरू केली. ‘उत्तरेचा नरक’ हे तिचे टोपणनाव हाडे खिळखिळी करणाऱ्या दगडी रस्त्यांमुळे पडले, असा सर्वसाधारण समज आहे. खरे तर पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेला मुलूख १९१९ मध्ये पाहून आलेल्या पत्रकारांनी ते दिले. दगडी रस्ते त्या भागात होतेच, १९४९ मध्येही ते रोजच्या रहदारीचे रस्ते होते. पुढे डांबर पसरत गेले आणि आयोजकांवर खराब रस्ते शोधत हिंडण्याची पाळी आली. आज प्रसिद्ध असलेला आरेनबर्गच्या जंगलातला रस्ता शर्यतीत आला तो १९६८ मध्ये, आणि तो सुचवणारा सायकलपटू जाँ स्ताब्लिन्स्की पूर्वी त्याच भागातल्या खाणीत राबलेला होता.

१७ एप्रिल १९४९, ईस्टरचा रविवार. सुमारे २४४ किलोमीटर तुडवून माहे, फ्रान्स लेनेन आणि जाक मुजिका असे तिघे आघाडी घेऊन रूबेत शिरले. वेलोड्रोमच्या तोंडाशी तुफान गर्दी. वाट दाखवणाऱ्यांनी त्यांना आत सोडण्याऐवजी भिंतीबाहेरून, गाड्या उभ्या करण्याच्या बाजूला वळवले. चूक लक्षात आल्यावर ते मागे वळले. पत्रकारांच्या सज्जाखालचे एक दार सापडले, त्यातून ते भलत्याच बाजूने धावपट्टीवर उतरले. स्प्रिंट झाली, माहे जिंकला, त्याला पुष्पगुच्छ मिळाला. थोड्या वेळाने मागचा गट योग्य दारातून आला आणि त्याच्या स्प्रिंटमध्ये पहिला होता सेर्से. हा थोर इटालियन सायकलपटू फाउस्तो कोप्पीचा धाकटा भाऊ.

फाउस्तोने सेर्सेला पंचांकडे धाडले: माहेने ठरलेला मार्ग पूर्ण केलेला नाही. माहे अंघोळ करत असतानाच हरकतीची बातमी त्याच्या कानावर आली. विजय सेर्सेला देण्यात आला. काही दिवसांनी फ्रेंच सायकल महासंघाने तो परत माहेला दिला. इटलीच्या महासंघाने आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेकडे दाद मागितली, ऑगस्टमध्ये निर्णय लांबणीवर पडला आणि नोव्हेंबरमध्ये दोघेही विजेते ठरले.

नियमाचे अक्षर पाहिले तर सेर्सेची बाजू अगदीच पोकळ नव्हती. मार्ग तो मार्गच. तरी मला हा निकाल न्यायापेक्षा सोयीचा वाटतो. चूक आयोजकांची होती. तिची किंमत माहेने अर्ध्या विजयाने चुकवली आणि दोन महासंघांची अब्रू राखली गेली. माहेलाही ती सल अखेरपर्यंत राहिली. भावासाठी असे करणे थोर खेळाडूला शोभले नाही, असे तो म्हातारपणीही म्हणत असे.

फाउस्तोचे हे वागणे कळायला दोघा भावांकडे पाहावे लागते. फाउस्तो अबोल आणि एकलकोंडा. त्याच १९४९ मध्ये जिरो दितालिया आणि तूर द फ्रान्स एकाच वर्षी जिंकणारा तो पहिला सायकलपटू ठरला. सेर्से हसरा, गप्पिष्ट, बेताच्या कुवतीचा. बियांकी संघात तो भावाचा मदतनीस होता, पण फाउस्तोला त्याच्या पायांपेक्षा त्याच्या सोबतीची गरज जास्त होती. आयुष्यभर आपल्यासाठी राबणाऱ्याच्या नावावर एक मोठी शर्यत लागावी, म्हणून एवढा खटाटोप.

१९५० मध्ये फाउस्तोने हीच शर्यत एकट्याने पुढे निघून जिंकली, त्यात पंचांना काही ठरवायचे उरलेच नाही. त्याच वर्षी माहेने पॅरिस–तूर जिंकून आपले पाणी दाखवले. २९ जून १९५१ रोजी तुरीनमध्ये, पिएमोन्तेच्या शर्यतीत, सेर्सेचे चाक ट्रामच्या रुळात अडकले. पडून तो उठला, पण डोक्याला बसलेला मार जीवघेणा होता आणि त्याच दिवशी तो गेला. वय अवघे २८. काही दिवसांतच सुरू झालेल्या तूरमध्ये फाउस्तो उतरला, माँपेलिएच्या टप्प्यावर पार कोसळला आणि अखेर दहावा आला. सेर्सेच्या खात्यावर मोठ्या शर्यतीतला विजय तो अर्धाच राहिला.