चिलटाच्या अंगातील जोडकाम आणि त्याची वही

आपल्या जुन्नरच्या लेण्यांत एक शिलालेख आहे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले, असे त्यात कोरले आहे. दान काय नि दिले कुणी, एवढे नोंदले गेले. छिन्नी कुणी धरली, दगड कसा फोडला, ते नाही. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे खुपते. आज बोलायचे आहे ते मात्र एका चिलटाविषयी.

मंचर-नारायणगावच्या बाजारात नासक्या टोमॅटोवर घोंगावते, तेच. बागाईतदार जिच्या नावाने बोटे मोडतात ती फळमाशी वेगळी. हे चिलट जेमतेम ३ मिलिमीटरचे; २५ अंश उष्णतेत अंड्यापासून सुमारे १० दिवसांत पंख फुटून उडू लागते. शास्त्रज्ञांना ते आवडते ते या घाईमुळेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे गोवेकर कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासह त्यांनी वास आणि चव नीट न कळणारी चिलटे हुडकली. तो निबंध १९७८ चा. त्या काळी रसायन पाजून बिघाड घडवायचा आणि हजारो चिलटांतून बिघडलेले निवडायचे, अशी रीत होती.

१९८२ साली अमेरिकेत रुबिन आणि स्प्रॅडलिंग यांनी हवे ते जनुक चिलटात घालून दाखवले. ते असे. जंतूंमध्ये डीएनएचे एक लहान कडे असते, त्याला प्लास्मिड म्हणतात. हे कडे एका विकराने ठरावीक जागी कापायचे, तिथे आपला तुकडा बसवायचा, दुसऱ्या विकराने सांधा जोडायचा. सुताराचेच काम म्हणा ना! मग ते जंतूत वाढवायचे आणि नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या मागल्या टोकाला बारीक सुईने टोचायचे. पुढच्या पिढीची बीजे तिथेच तयार होतात. सोबत डोळ्याच्या रंगाचे जनुक जोडलेले असते. पांढऱ्या डोळ्यांच्या वाणात लाल डोळ्यांचे पोर निघाले, की काम साधले.

आता खरी गोम. तुकड्याची दोन्ही टोके एकाच विकराने कापली असली, तर तो उलटाही बसतो. जनुकाची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. सांध्यावर एक अक्षर गळले तर पुढचे सारे वाचन बिघडते. डोळा तरीही लालच! म्हणून कडे कोणते, तुकडा कुठून घेतला, कुठे कापला, कोणत्या दिशेने बसवला, जोडल्यावर अक्षरे पुन्हा वाचून ताडली का, चिलटाच्या कोणत्या गुणसूत्रात तो बसला, हे सारे वहीत हवे. निबंधात यातले पुष्कळदा एका ओळीत उरकतात, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या गावचा विद्यार्थी त्या ओळीवर डोके आपटत बसतो.

एका कारखान्यात आमच्या गड्याची बोटे गेली. त्या दिवसाचे हजेरीचे पानच सापडेना. माणूस समोर उभा, हात समोर, आणि तो कामावर होता हे शाबीत करण्यात तीन वर्षे गेली. तेव्हापासून वहीला मी कारकुनी म्हणत नाही.

चिलटांचे आणखी एक आहे. बियाण्यासारखी ती पोत्यात भरून ठेवता येत नाहीत. वाण जगवायचा तर दर काही आठवड्यांनी माश्या जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत हलवायच्या आणि चिठ्ठी पुन्हा लिहायची. वर्षानुवर्षे, शेकडो बाटल्या. चिठ्ठीत एक आकडा चुकला तर वाण जिवंतच राहतो, फक्त दुसऱ्याच्या नावाने. अक्षरे आज यंत्राने परत वाचता येतात, पण ती कुणी आणि कशासाठी जोडली, हे यंत्राला कळत नाही. बाटल्या हलवणाऱ्याचे नाव निबंधाच्या आभारात कधी येते, कधी येत नाही.