करडईचें तेल व लठ्ठपणा

शेतकीच्या मासिकांत शरीराच्या स्थूलतेचा विचार कशाला, असें आमच्या वाचकांपैकीं कोणी विचारतील. त्यास उत्तर असें कीं, लठ्ठपणा हा आतां केवळ गादीवर बसणारांचा विकार राहिलेला नाहीं. २०१९-२१ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २४ व पुरुषांपैकीं शेंकडा सुमारें २३ यांचें वजन प्रमाणाबाहेर आढळलें. शिवाय त्यावरील उपाय म्हणून ज्या तेलांचीं नांवें घेतात, त्यांत आमच्या सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानांत पिकणारी करडई येते. तेव्हां या समजुतींत सत्य किती, हें करडई पेरणारानें जाणलें पाहिजे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तेल करडईचें असो, तिळाचें असो वा जवसाचें असो, एका ग्रॅमापासून शरीरास सुमारें ९ उष्मांक मिळतात. धान्यांतील पिष्टापासून ४ मिळतात. पांच ग्रॅमांचा एक चमचा तेल म्हणजे ४५ उष्मांक. नेहमींच्या आहारांत कांहीं न घटवितां रोज एक चमचा तेल अधिक घेणारा मनुष्य महिन्यास १,३५० उष्मांक वाढवितो. अशानें मेद झडावा कसा?

मग ही समजूत निघाली कोठून? करडईच्या नेहमींच्या तेलांत लिनोलिक आम्लाचें प्रमाण शेंकडा ७० हून अधिक असतें. त्यावर कारखान्यांत क्षाराची प्रक्रिया करून संयुग्मित लिनोलिक आम्ल नांवाचें निराळें द्रव्य तयार करतात. या द्रव्यावरील १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब २००७ सालीं प्रसिद्ध झाला. रोज ३.२ ग्रॅम घेणारांची चरबी, न घेणारांच्या तुलनेनें, आठवड्यास सुमारें ९० ग्रॅम उतरली, व सहा महिन्यांनंतर हा परिणाम मंदावत गेला. लाभ आहे, पण अल्प. आणि हें द्रव्य घाण्याच्या तेलांत जवळजवळ नसतेंच.

साध्या करडईच्या तेलाचाही प्रयोग झाला आहे. अमेरिकेंतील ओहायो राज्य विद्यापीठानें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मधुमेही व लठ्ठ अशा ३५ प्रौढ स्त्रियांनीं रोज ८ ग्रॅम तेल १६ आठवडे घेतलें. धडावरील चरबी कांहीं कमी झाली, परंतु शरीरांतील एकंदर चरबी उतरली नाहीं. एवढ्या लहान प्रयोगावरून औषधाचा डंका पिटणें योग्य नव्हे.

याचा अर्थ करडई निर्गुणी, असा मुळींच नाहीं. तूप, वनस्पती तूप वा पामतेल यांच्या ऐवजीं हें तेल वापरल्यास रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरतें, हें चांगलें सिद्ध आहे. मात्र ‘ऐवजीं’ हा शब्द विसरूं नये. तळणाचें तेल पुनःपुन्हा तापविल्यास तें बिघडतें, हेंही गृहिणीस सांगावें.

घरोघरीं करण्याजोगा एक साधा हिशेब आहे. पांच माणसांच्या घरांत महिन्यास ३ किलो तेल लागत असेल, तर माणशीं रोज २० ग्रॅम पडतें. ६ किलो लागत असेल, तर ४० ग्रॅम, म्हणजे ३६० उष्मांक. पन्नास ग्रॅम पिठाच्या दोन भाकरींइतका हा ऐवज होय. लठ्ठ माणसानें तेलाची जात बदलण्यापूर्वीं हें माप पाहावें.

आतां राहिला विक्रीचा प्रश्न. रोडावण्याचें औषध म्हणून बाटली खपविल्यास एक हंगाम चढा भाव मिळेलही; परंतु वर्षभर तेल पिऊन ज्याचें वजन उतरलें नाहीं, तो गिऱ्हाईक पुन्हा दारीं येणार नाहीं, व चार जणांस सांगेल तें निराळेंच. करडई सोटमुळानें खोल ओल शोधून कोरडवाहू रानांत तग धरते, आपल्या कांट्यांनीं शाळूच्या कडेस कुंपण होते, आणि स्वच्छ खाण्याचें तेल देते. एवढे खरे गुण असतां खोट्याचा आधार कशास? बाटलीवर पिकाचें, गांवाचें व घाण्याचें नांव घालावें आणि तें नांव राखावें, हीच आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.