आजाऱ्याच्या उशाशी शेखिना

आजाऱ्याला भेटायला गेलेल्याने त्याच्या खाटेवर बसू नये, उंच आसनावरही बसू नये. वस्त्र नीट पांघरून त्याच्यासमोर अदबीने बसावं. ताल्मुद या ज्यूंच्या धर्मग्रंथातला हा नियम वाचून वाटतं, रोग्याला त्रास नको म्हणून असेल. पण रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, दिलेलं कारण ऐकून मी थक्क झालो: आजाऱ्याच्या डोक्याशी शेखिना असते. म्हणजे साक्षात देवाचं सान्निध्य! पुढे सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोच्या मोशे इसर्लेस यांनी खुलासा केला की, रोगी जमिनीवर निजलेला असेल तरच हा नियम. तो खाटेवर असेल तर बाकावर खुशाल बसावं, कारण मग बसणारा त्याच्याहून उंच होत नाही. ईश्वराच्या सान्निध्याचा विचार बाकाच्या उंचीपर्यंत नेणारी ही परंपरा मला विलक्षण वाटते.

मुळात ज्यूंच्या देवाला घर होतं, जेरुसलेमचं मंदिर. इ.स. 70 मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने ते जाळलं. यज्ञ थांबले, पुरोहितांचं काम संपलं. मग देव राहतो कुठे?

ताल्मुदात शेखिनेने मंदिर सोडल्याचे दहा टप्पे मोजले आहेत. गाभाऱ्यातल्या पवित्र करारपेटीच्या झाकणावरून ती निघाली. मग उंबरठा, अंगण, वेदी, छप्पर, तट, शहर, डोंगर, रान आणि शेवटी वर आपल्या जागी. सासरी निघालेल्या लेकीचा पाय निघू नये तशी ती जागोजागी रेंगाळली. रानात तर, लोक आपली चूक ओळखून परततील या आशेने, सहा महिने थांबली. लोकांच्या पापामुळे ती निघाली, हे रब्बी स्पष्ट सांगतात. पण तिचं जाणं त्यांनी किती हळुवारपणे रंगवलंय!

दुसरं एक वचन त्याहून धीराचं आहे. लोक इजिप्तमध्ये गेले, शेखिना त्यांच्यासोबत गेली. बाबिलोनला गेले, तिथेही गेली. हद्दपार झालेल्यांचा देवही त्यांच्याबरोबर हद्दपार! आता तिच्यासाठी दगडी मंदिर लागत नव्हतं. दहा जण प्रार्थनेला जमले की ती तिथे, दोघे तोरा या पवित्र ग्रंथाचा अभ्यास करत बसले तरी तिथे. रब्बी योसेफ यांना दृष्टी नव्हती. आईच्या पावलांचा आवाज आला की ते उठून उभे राहत, आणि शेखिना येते आहे, तिच्यासाठी उठतो, असं म्हणत.

तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या कास्तीलमध्ये ‘झोहर’ हा अरामी भाषेतला ग्रंथ पुढे आला. अभ्यासक त्याचं श्रेय मुख्यतः मोशे दे लेओन यांना देतात. कब्बाला या गूढ परंपरेत देवाच्या दहा शक्ती मानतात, आणि शेखिना त्यातली दहावी. ती स्त्रीरूप आहे, चंद्रासारखी. स्वतःचा प्रकाश नसलेली, वरून आलेला प्रकाश जगाला देणारी. माणसांच्या पापाने ती वरच्या शक्तींपासून दुरावते, सत्कर्माने आणि प्रार्थनेने पुन्हा एक होते. इथे मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं. देवाने माणसाला सांभाळावं, हे आपण ऐकलेलं असतं. इथे देवाची ताटातूट मिटवण्याची जबाबदारी माणसावर येते.

सोळाव्या शतकात गालिलीतल्या साफेद गावात कब्बालाचे साधक शुक्रवारी सांजवेळी शेतात जाऊन शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाचं, नवरीसारखं स्वागत करत. ही नवरी त्यांच्या लेखी शेखिनाच. तिथल्याच श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलेलं ‘लेखा दोदी’ हे गीत आज जगभरच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहांत, गातात, आणि शेवटच्या कडव्याला सगळे तिच्या स्वागतासाठी वळतात.

ही परंपरा आपल्याकडेही आहे. मुंबईत मांडवीचं ‘शाअर हारहमीम’ हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंचं सर्वांत जुनं सिनेगॉग. ते सॅम्युअल दिवेकर यांनी 1796 मध्ये स्थापन केलं. शेखिना ज्यांच्यात येते ते दहा जण तिथेही हवेतच: परंपरेनुसार सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.